व्हायोलिनच्या पेटीतले ढेकूळ

मी एक जुने चिकणमातीचे ढेकूळ आहे. मित्रांनो, हसू नका. माणसाला ढेकूळ म्हटले की राग येतो; मला मात्र ते आडनावासारखे वाटते.

एका विहिरीच्या खोदकामातून मी वर आले आणि माती तपासणाऱ्या ताईंच्या प्रयोगशाळेत डब्यात जाऊन पडले. ताईंचा धाकटा भाऊ व्हायोलिन दुरुस्त करायचा. त्याचे दुकान तळघरात होते आणि भिंतीपलीकडे लाँड्री. तिकडून दिवसभर वाफ येई, भिंतींना घाम फुटे आणि लाकडाला लावलेला सरस काही केल्या वाळत नसे.

एकदा त्याला लहानपणी वाजवायला शिकवणाऱ्या बाईंनी आपले व्हायोलिन त्याच्याकडे दिले. पाठीची फळी सुटली होती आणि बाईंचा शेवटचा जाहीर कार्यक्रम तोंडावर आला होता. भाऊ सरस लावी, फळी आवळून ठेवी. सोडली की ती पुन्हा आ वासून बसे. त्याची झोप उडाली.

ताईंनी फोनवर सांगितले, "मोठ्या पेटीत व्हायोलिन बंद कर आणि शेजारी वाफ शोषणारी माती ठेव." पुढचे ऐकण्याआधीच भावाने फोन ठेवला.

आधी त्याने वाळू आणली. दिसायला स्वच्छ, कोरडी ठणठणीत. सकाळी फळी होती तशीच. वाळूचे कण मोठे आणि गुळगुळीत. वाफेला टेकायला त्यांच्यावर जागाच थोडी. पाहुण्याला दारातूनच वाटेला लावणारी माणसे असतात ना, त्यातली ती.

मग त्याने कुंडीतली माती ठेवली. ती बिचारी आधीच पाणी पिऊन तट्ट झालेली. वाफ घेणे राहिले बाजूला, तिने होती ती सोडली. पेटीचे न्हाणीघर झाले आणि व्हायोलिनमधून एक गांडूळ बाहेर आले.

भावाने थेट प्रयोगशाळा गाठली. "ताई, तुझ्या शास्त्रानं माझ्या व्हायोलिनमध्ये गांडूळ सोडलं."

"अरे, ओली माती काय वाफ घेणार? चिकणमाती घे आणि आधी भट्टीत वाळव, हेच सांगत होते, तर तू फोन ठेवलास."

"मग आता?"

"आता गप्प बस आणि ही पिशवी धर."

ताईंनी मला फोडले, तापवले, बंद डब्यात गार केले आणि कापडी पिशवीत बांधले. माझे कण इतके बारीक, की त्यांच्या सगळ्या बाजू उलगडून पसरल्या तर मूठभर मातीने मोठे मैदान झाकले जाईल. त्या सगळ्या जागेवर वाफ येऊन चिकटते. पेटी बंद झाली, मी कामाला लागले आणि अखेर सरस धरला.

बाई आल्या. वाजवून पाहताना त्यांचे डोळे मिटले. "हे कसं जमवलंस रे?"

भाऊ प्रामाणिक. म्हणाला, "ढेकळानं केलं, बाई."

बाईंचा चेहरा उतरला. लहानपणी तो बेसूर वाजवी, तेव्हा त्या त्याला ढेकूळच म्हणायच्या. "अजून मनात ठेवलंस होय? चुकलं रे माझं," म्हणत त्यांनी त्याच्या डोक्यावर हात ठेवला. बाईंना दाखवायला उचललेली माझी पिशवी त्याने हळूच पाठीमागे लपवली. माझे श्रेय गेले, पण तो इतका सुखावला होता, की मला बोलता आले असते तरी मी बोलले नसते.

पुढे त्याने मला पेटीमागून पेटीत ठेवले, वाळवले मात्र एकदाही नाही. एक दिवस सरस पुन्हा ओला राहिला. "हे ढेकूळ कामातून गेलं," म्हणून तो मला कुंडीत टाकणार, तेवढ्यात ताई आल्या. त्यांनी पिशवी हातात तोलली.

"गेलं नाही रे. भरलंय."

मित्रांनो, कुणी एकाएकी काम करेनासे झाले, तर टाकून देण्याआधी त्याने आत किती साठवले आहे ते पाहा आणि त्याला जरा ऊब द्या. माझ्यापुरते म्हणाल, तर भट्टी मंद ठेवा. फार तापवले की माझी वीट होते, आणि विटेला व्हायोलिनच्या पेटीत कुणी जागा देत नाही.