तीन महिने हप्ता नाही

“पुढचे तीन महिने हप्ता भरायचाच नाही,” कर्जाचा सल्लागार म्हणाला, आणि आमच्या ह्यांनी माझ्याकडे असं पाहिलं, जणू त्याने ह्यांना कुणाच्या घरात शिरायला सांगितलं होतं.

हे फ्रीज दुरुस्त करतात. पंचवीस वर्षांत कुणाचे पैसे बुडवले नाहीत, आणि उगीच गॅस संपला असं सांगून गिऱ्हाइकाला गंडवलंही नाही. त्यामुळेच आम्ही एवढे श्रीमंत. माझ्या मणक्याच्या ऑपरेशनसाठी कर्ज काढलं आणि तेव्हापासून निम्मी कमाई हप्त्यातच जात होती.

सल्लागार भला माणूस होता, समजावून सांगत होता. वेळेवर हप्ते भरणाऱ्याशी बँक तडजोड कशाला करेल? हप्ते थकले की तिला पैसे बुडतील अशी भीती वाटते आणि ती निम्म्यावर यायला तयार होते. निम्मे एकरकमी भरायचे, बाकीचे माफ. फक्त कर्ज पूर्ण फेडलं नाही असा शेरा काही वर्षं नावावर राहतो आणि नवं कर्ज मिळत नाही. नवं कर्ज हवंय कुणाला, असं हे म्हणाले. मला तर हायसं वाटलं. कर्जाला जामीन कोण आहे, हे त्याने विचारलं नाही आणि आम्हालाही सांगायचं सुचलं नाही.

जामीन होते दाजी, म्हणजे ह्यांच्या थोरल्या बहिणीचे यजमान.

पहिला हप्ता चुकवला त्या दिवशी ह्यांना जेवण गेलं नाही. मग बँकेचे फोन सुरू झाले. फोन वाजला की हे गॅलरीत जाऊन उभे राहायचे. मी आपली तीन महिने संपायची वाट बघत होते.

तिसऱ्या महिन्यात ताई आल्या. त्यांच्या सासूबाईंचे गुडघे गेलेले, आणि घर चौथ्या मजल्यावर, लिफ्ट नाही. म्हणून त्यांनी तळमजल्यावरचं एक घर ठरवलं होतं, इसारही दिला होता. बँकेने त्या घरासाठीचा दाजींचा कर्जाचा अर्ज परत केला. थकलेल्या कर्जाला तुम्ही जामीन आहात, म्हणाले.

मला वाटलं, त्या भांडतील. भांडल्या असत्या तर बरं झालं असतं.

“एकदा बोलायचंस रे,” त्या ह्यांना म्हणाल्या. “तुझे हप्ते आम्ही भरले असते.”

दुखणं माझं होतं, कर्जही माझ्यासाठीच काढलेलं.

दुसऱ्या दिवशी हे बँकेत धावले. सगळे थकलेले हप्ते भरतो, पूर्ण कर्ज फेडतो, पण दाजींना मोकळं करा, म्हणाले. साहेबांनी खुर्ची दिली, पाणी दिलं. भरा की, म्हणाले, पण हप्ते थकल्याची नोंद जामीनदाराच्याही नावावरून लगेच पुसली जात नाही. आणि पूर्ण फेडायला होतं तरी काय आमच्याकडे? शेवटी माझ्या बांगड्या आणि ह्यांची स्कूटर विकून तडजोडीची निम्मी रक्कम भरली. आता काही येणं नाही, असं बँकेचं पत्र आलं. तोवर ते घर दुसऱ्याने घेतलं होतं. सल्लागारावर चिडावं म्हटलं, तर त्याने एकही गोष्ट खोटी सांगितली नव्हती.

आता दर रविवारी हे ताईंकडे जातात. सासूबाईंना खुर्चीत बसवून हे आणि दाजी त्यांना चार मजले खाली आणतात, तासभर उन्हात बसवतात आणि पुन्हा वर नेतात. परवा मीही गेले होते. सासूबाईंना यातलं काहीच ठाऊक नाही. वर नेताना दुसऱ्या मजल्यावर दोघांनी दम खायला खुर्ची टेकवली, तेव्हा त्यांनी ह्यांच्या घामेजल्या डोक्यावरून हात फिरवला.

“माझ्या सुनेने नशीब काढलं,” त्या म्हणाल्या. “भाऊ असावा तर असा.”

ह्यांनी वाकून खुर्चीचा पाय धरला. दाजींनी खुर्चीची आपली बाजू उचलली.

“सांभाळून,” ते ह्यांना म्हणाले, “पुढची पायरी उंच आहे.”