बाटली किती उंच धरायची

मी गुरांच्या डॉक्टरबाईंच्या टेबलाच्या खालच्या खणात पडून असते. मी एक जुनी रबरी नळी आहे. माझ्या एका टोकाला सुई बसते आणि दुसरं टोक औषधाच्या बाटलीला.

कारखान्यातून आले तेव्हा मी लवचीक होते. डॉक्टरबाई प्रत्येक वापरानंतर मला उकळत, टांगून सुकवत आणि पीळ पडणार नाही अशी गुंडाळत. माझं काम बहुतेक एकच असे. मित्रांनो, गाय व्याली की तिच्या रक्तातलं कॅल्शियम भराभर दुधात उतरतं. शरीराने हाडांतून काढून ती तूट वेळेत भरली नाही, तर धडधाकट गायसुद्धा खाली बसते आणि उठत नाही. मग तिला माझ्यातून, शिरेवाटे, कॅल्शियम द्यावं लागतं.

एका दुपारी आम्ही अशाच एका गोठ्यात गेलो. त्या घरातल्या सुनेने ही गाय बाटलीने दूध पाजून वाढवली होती. सकाळी ती व्याली आणि आता मान पोटाशी वळवून पडली होती. कान गार, नाक कोरडं.

"थंडी भरली असेल म्हणून पोतं पांघरलं," सासूबाई म्हणाल्या.

"व्यायच्या आधी खाणं काय होतं?"

"खाण्याचं विचारूच नका. व्यायच्या आधी तिचं दूध काढणं बंद केल्यापासून रोज कॅल्शियमची पावडर घातली, माझ्या हाताने. पुढे कमी पडायला नको म्हणून."

"तिथंच चुकलं, आजी. रोज आयतं मिळालं की शरीर हाडांतून काढायची सवय सोडतं. ऐन वेळी त्याला जमत नाही."

सासूबाईंनी शेजारी उभ्या असलेल्या आपल्या मुलाकडे पाहिलं. "म्हणजे आयतं मिळून ह्याचं स्वयंपाकाचं झालं, तसंच."

सून हसली नाही. गाईचं डोकं तिच्या मांडीवर होतं. "उठेल ना हो ही?"

"प्रयत्न करू," डॉक्टरबाई म्हणाल्या. त्यांनी मानेची शीर शोधली, सुई घातली आणि बाटली मुलाच्या हातात दिली. त्याने ती थेट डोक्यावर धरली. औषध माझ्यातून धावू लागलं.

"खाली घ्या."

"लवकर जाऊ दे की, ताई. चाललीय ती."

डॉक्टरबाईंनी गाईच्या छातीला लावलेला स्टेथोस्कोप कानात तसाच ठेवून मला दोन बोटांत चिमटलं. "ठोके चुकतायत. औषध धावलं तर काळीज थांबेल तिचं. मानेच्या जरा वर धरा, बस्स."

बाटली खाली आली. मी पुन्हा वाहू लागले, संथ. बाटली धरून मुलाच्या हाताला रग लागली.

"द्या इकडे, मी धरते," सून म्हणाली.

"राहू दे. तू तिला धर."

बऱ्याच वेळाने गाईच्या खांद्याचं मांस थरथरलं. तिने ढेकर दिली, मग शेण टाकलं.

"शेण बघून एवढा आनंद मला जन्मात झाला नव्हता," सासूबाई म्हणाल्या. गाय आधी मागच्या पायांवर उठली, मग पुढच्या. सुनेने तेव्हा कुठे डोळे पुसले.

पुढच्या खेपेला सासूबाईंनी पावडर बंद ठेवली आणि डॉक्टरबाईंनी सांगितलेलंच खाणं घातलं. गाय व्याल्याचं कळल्यावर आम्ही गेलो, तर ती उभी राहून वासराला चाटत होती. सुनेने तिचा कान मुठीत धरून पाहिला. "गरम आहे," ती म्हणाली. डॉक्टरबाईंनी पिशवी उघडलीच नाही. मी कोरडीच परत आले.

आता एकदा वापरून टाकायच्या प्लॅस्टिकच्या नळ्या आल्यात. मला कुणी उकळत नाही. अंगाला भेगा पडल्या आहेत, आणि कधीकधी त्याचं वाईट वाटतं.

पण मित्रांनो, एक विनंती आहे. आपल्या गाईवर माया करा, मात्र मायेच्या भरात तिला काहीही घालू नका. काय कमी पडतंय ते ती सांगत नाही, आणि काय जास्त होतंय ते तर कधीच सांगत नाही. ते डॉक्टरांना विचारायचं असतं. ती व्यायच्या आधी विचारा. नंतर गेलात, तर नळीच लागते.