लाल दिव्याला थांबणारा

त्याला सगळे ‘सिग्नल’ म्हणत. आईवडिलांनी ठेवलेलं नाव फक्त सरकारी कागदांवर उरलं होतं, आणि तिथेही त्याची तब्येत फारशी बरी नव्हती.

पाच वर्षांपूर्वी थोरला भाऊ त्याला म्हणाला, “गाडी चालू ठेव, मी आलोच.” आला तो सराफाच्या दुकानातली पेटी घेऊन. “पळव!” सिग्नलने पळवली. पहिल्याच चौकात लाल दिवा लागला. पुढे रस्ता मोकळा, मागे पोलीस, शेजारी भाऊ डॅशबोर्डवर बुक्क्या मारतोय. सिग्नल थांबला. दिवा हिरवा झाला तेव्हा दोघांच्याही हातांत बेड्या होत्या. तुरुंगातल्या चार वर्षांत भाऊ त्याच्याशी अवाक्षर बोलला नाही. हे नाव ठेवलं ते बाकीच्या कैद्यांनी.

सुटून वर्ष झालं. आज टॅक्सीच्या बिल्ल्यासाठी तिसरी आणि शेवटची सुनावणी होती. कचेरीसमोर ताई सामानाचा टेम्पो घेऊन थांबली होती. दाजींची दूर बदली झाली होती. सिग्नलची आईविना पोर आठ वर्षांची, ताईकडेच वाढलेली.

“बारापर्यंत बिल्ला आण, पोरगी ठेवून जाते,” ताई म्हणाली होती. “नाहीतर बिनकामाच्या बापाजवळ कशाच्या भरवशावर ठेवू? रागावू नकोस रे.”

समितीत तिघं होते : अध्यक्षबाई, एक चष्मेवाले आणि एक पेंगणारे.

“पाच वर्षांपासून ओळखणाऱ्या प्रतिष्ठित व्यक्तीचा दाखला,” बाईंनी कागद उचलला. “हा तुरुंगाधिकाऱ्यांचा आहे.”

“त्यातली चार वर्षं मी त्यांच्याकडेच होतो, बाई.”

चष्मेवाल्यांनी वाचलं, “वर्तन उत्तम. परवानगीशिवाय कधीही बाहेर गेला नाही.”

“चोरीच्या वेळी गाडी तुम्ही चालवलीत,” बाई म्हणाल्या.

“हो. पण लाल दिव्याला थांबवली.”

“म्हणजे पकडले गेलात, हा गुण धरायचा?”

“धरा की.”

“उद्या एखादा प्रवासी म्हणाला, पळव, तर?”

“थांबेन. सख्ख्या भावाचं ऐकलं नाही, प्रवाशाचं काय घेऊन बसलात?”

पेंगणारे जागे होऊन हसले. सिग्नलला वाटलं, जमलं. मग मात्र त्याला धीर धरवेना.

“बाई, माझी मुलगी खाली टेम्पोत बसलीय. बाराला निघेल. आज नाही म्हणू नका. पाया पडतो.”

“भावना समजतात,” बाई हळू आवाजात म्हणाल्या. त्यांना खरंच समजत असाव्यात. “पण लोक या गाड्यांत आपापल्या मुली एकट्या बसवतात. सुटकेनंतर पाच वर्षं पोलिसांत एकही नोंद नको, असा नियम आहे. एक झालं. चार काढा, मग या.”

“तोवर ती बारा वर्षांची होईल.”

“अर्ज तिचा नाही,” चष्मेवाले म्हणाले.

तो जिना उतरून फुटपाथवर आला. पलीकडे टेम्पो सुरू झाला होता. पादचाऱ्यांचा दिवा लाल होता. रस्त्यावर लांब एक स्कूटर, बाकी कोणी नाही. सिग्नल थांबला. सवयच ती.

ताईने त्याचे रिकामे हात पाहिले आणि मान फिरवली. टेम्पो हलला. खिडकीतून हाक आली, “बाबाऽ!”

सिग्नल धावला. स्कूटरवाल्याने कचकन ब्रेक मारून त्याचा उद्धार केला, शिट्टी वाजली, टेम्पो थांबला. त्याने खिडकीतला इवलासा हात धरला, तेवढ्यात वाहतूक पोलिसाने त्याचा दुसरा हात धरला.

“लाल दिवा दिसत नाही? नाव सांगा.”

वरच्या खिडकीत तिघंही चहा घेऊन उभे होते.

“बघितलंत?” चष्मेवाले म्हणाले. “म्हणूनच म्हणतो, ही माणसं सुधारत नाहीत.”

“मग त्याचं झालेलं एक वर्ष धरायचं का?” पेंगणाऱ्यांनी विचारलं.

बाईंनी बराच वेळ खाली पाहिलं. मग अर्जावर आजची तारीख घातली आणि ‘बाकी वर्षं’पुढे लिहिलं : पाच.

खाली पोलिसाचं लिहून झालं होतं. टेम्पोवाला हॉर्न देत होता.

“सोड रे आता,” ताई म्हणत होती. “सोड.”