पाचवा तुकडा

माझा जावई घड्याळं दुरुस्त करतो. दिवसभर डोळ्याला भिंग लावून मुंगीच्या पायाएवढे स्क्रू फिरवायचे, हा धंदा. असा माणूस घरी येऊन तरी सरळ कसा वागणार? त्याचं सगळंच बारीक. बोलणं बारीक, हसणं बारीक, कांदा चिरला तर तोही बारीक. पोरीने स्वतः पसंत केलेला, त्यामुळे मी तोंड मिटून होतो.

मी पडलो मोठ्या आचेचा माणूस. चौतीस वर्षं कारखान्याच्या कँटीनमध्ये मुख्य आचारी होतो. दर बुधवारी साडेसहाशे माणसांना चिकनच्या मांड्या घातल्यात, हाडासकट, तव्यावरच्या. बिनहाडाचं चिकन म्हणजे पेन्शनीत निघालेल्या लोकांचं खाणं, असं मी म्हणायचो, आता स्वतः पेन्शनीत निघालो तरी म्हणतो. सकाळीच मीठ-मिरपूड चोळून ठेवायची. बिडाचा तवा तापवायचा, कातडीची बाजू खाली, आणि मग हात मागे बांधून उभं राहायचं. कातडी खरपूस झाली की स्वतःहून तवा सोडते, तोवर तिच्या वाटेला जायचं नाही. मग उलटायची, लसूण टाकायचा, आच बारीक करून झाकण ठेवायचं. शेवटी हाडाशी सुरीचं टोक घालून बघायचं. लाल पाणी आलं तर कच्चं आहे, लाली गेली की उतरवायचं. घड्याळाचं काम नाही त्यात. आचाऱ्याला वेळ विचारावी लागली तर त्याने दुसरा धंदा बघावा.

बायको गेली तेव्हा दोन महिने मी गॅस पेटवला नव्हता. पाव आणि चहावर दिवस काढले. पोरगी येऊन मला तिच्या घरी घेऊन गेली, आणि पहिल्याच रविवारी माझा जुना तवा घासूनपुसून ओट्यावर ठेवला. शेजारी मांड्यांची पिशवी ठेवली. त्या दिवशी मी परत माणसांत आलो. तेव्हापासून रविवारची दुपार माझी. बाकीचे सहा दिवस ते काय गवत खातात ते खावोत.

पोरीला दिवस गेले आणि चौथ्या महिन्यात घात झाला. एका मंगळवारी ताप, उलट्या, पोटात कळा. चार दिवस हॉस्पिटलमध्ये काढले. डॉक्टर म्हणाले, पोटात काहीतरी दूषित गेलंय, बाळ थोडक्यात वाचलं. आता त्याच आठवड्यात जावयाने कुठूनसा क्रीमचा केक आणलेला. मी वॉर्डात, सगळ्यांच्या देखत त्याला झापला. बाहेरचं सडकं आणून खायला घालता, लाज वाटत नाही का, वगैरे.  तो मान खाली घालून उभा. माझी आई अशा माणसाला म्हणायची, खाली मुंडी पाताळधुंडी.

कारण त्यानंतर तो बदलला. आधी कधी स्वयंपाकघरात न फिरकणारा माणूस रविवारी माझ्या मागे घोटाळायला लागला. मी मांड्या उतरवल्या रे उतरवल्या की, "बाबा, तुम्ही दमलात, बाहेर बसा. मी वाढून आणतो." मी दमलो? साडेसहाशे माणसांचं करणारा मी चार तुकड्यांत दमलो? बरं, बसलो बाहेर. तर दार आतून लोटलं जायचं, आणि थोड्या वेळाने तव्याची चरचर ऐकू यायची.

"काय चाललंय आत?" मी एकदा विचारलं.

"गरम करतोय, बाबा."

"आत्ता उतरवल्यात. मी काय बर्फात ठेवल्या होत्या?"

यावर ते बारीक हसणं. दार लोटलेलंच. दहा मिनिटं, कधी पंधरा. मग ताटं यायची. पोरीचं ताट तो सगळ्यात आधी, स्वतःच्या हाताने तिच्यापुढे ठेवायचा आणि ती पहिला घास घेईपर्यंत बघत उभा राहायचा. कुठंतरी पाणी मुरत होतं. दुसऱ्या कुणाला हात लावू देत नव्हता तो त्या ताटाला.

मी पोरीला बाजूला घेतलं. "तुझा नवरा तुला काही औषधबिवषध देतो का?"

"काहीतरीच काय, बाबा," ती म्हणाली. पण नजर चुकवली तिने. बापाला पोरीची नजर कळते. ती काहीतरी लपवत होती, आणि मला वाटलं, घाबरून लपवतेय.

मग ती सुई सापडली. माझा रेडिओ बंद पडला म्हणून मी सेल शोधत होतो. त्या घरात उजेडाची बोंब, सगळे बल्ब पिवळे. मी दोनदा तक्रार केली तर जावई म्हणतो, पांढरेच आहेत. तर त्या पिवळ्या उजेडात मी त्याच्या टेबलाचा खण चाचपत होतो आणि हाताला रुमाल लागला. रुमालात वीतभर लांब सुई. तिच्या डोक्यावर एक गोल डबी, कोटाच्या बटणाएवढी. मी ती डोळ्याजवळ नेली, लांब धरली, काही कळेना. डबीत औषध भरायचं आणि सुईने टोचायचं, एवढं मात्र न सांगता कळलं. सुईला लसणाचा वास येत होता. माझ्या लसणाचा.

बाळ नको असेल याला? का पोरगीच नको झाली असेल? बायको आजारी पडते, मग नवरा एवढा गोड वागायला लागतो, मग दार लावून तिच्या खाण्यात सुया टोचतो, याचा दुसरा काय अर्थ लावायचा? पोलिसांकडे गेलो असतो तर म्हणाले असते, म्हातारबुवा, घरी जा. पुरावा हवा होता. आणि पुरावा मिळेपर्यंत पोरीच्या पोटात त्या माणसाच्या हातचं काही जाऊ द्यायचं नव्हतं. सातवा महिना होता तिचा.

त्या रविवारी मी चार नाही, पाच मांड्या आणल्या. चिकनवाल्याला म्हटलं, एक चांगली जाडजूड दे. घरी कोणाला सांगितलं नाही. नेहमीसारख्या तव्यावर ठेवल्या, कातडी तपकिरी झाली तशा उलटल्या, हाडाशी सुरी घालून बघितली. लाली नव्हती. झकास उतरल्या. जाड मांडी मी डब्यात घातली, झाकण लावलं आणि माझ्या खुर्चीमागे, पडद्याच्या आड ठेवली. ती त्याच्या हाताला लागणार नव्हती.

"बाबा, तुम्ही बसा," जावई आलाच.

"बसतो, जावईबापू, बसतो," मी म्हटलं. माझा आवाज इतका गोड निघाला की मलाच कसंतरी झालं.

दार लोटलं गेलं. मी चपला काढून ठेवल्या आणि अनवाणी गेलो. फटीतून ओटा दिसत होता. त्याने खिशातून रुमाल काढला, सुई पुसली आणि एका मांडीत हाडाच्या अंगाने खोल खुपसली. तशीच धरून उभा राहिला. ओठ हलत होते त्याचे, काहीतरी मोजत असावा. मग सुई काढली, मांड्या परत तव्यावर ठेवल्या, झाकण. थोड्या वेळाने पुन्हा सुई. एवढा वेळ नुसता संशय होता. आता डोळ्यांनी बघितलं होतं.

टेबलाशी येऊन बसलो. पोरगी समोर बसली होती, पायाला सूज आलेली म्हणून पाय स्टुलावर. ताटं आली. पहिलं तिच्यापुढे, नेहमीसारखं.

"पाणी राहिलं," जावई म्हणाला आणि आत गेला.

"बाळा, खिडकी जरा लोट गं, झुळूक लागतेय मला," मी म्हटलं.

ती वळली. तेवढ्यात मी पडद्याआडचा डबा उघडून माझी जाड मांडी तिच्या ताटात ठेवली आणि तिची सुई टोचलेली माझ्या ताटात घेतली. म्हटलं, विष असेल तर मी मरेन. माझं आता काय राहिलंय? मोठा घास घेतला आणि चावला. खरं सांगतो, चव चांगली होती.

जावई पाण्याचा तांब्या घेऊन आला. पोरगी जेवत होती. दोन घास झाले, तीन झाले. तिला भूक लागली की ती लहानपणी खायची तशीच खाते, मान खाली घालून. माझं काळीज सुपाएवढं झालं. म्हटलं, खा बाई, तुझ्या बापाच्या हातचं आहे.

मग तिने हाडाजवळचं मांस सोडवलं आणि थांबली. ताट जवळ ओढून बघितलं. नवऱ्याकडे वर बघून म्हणाली, "आज काटा लावला नाहीस?"

काटा? तिला माहीत होतं?

"लावला ना. दोनदा लावला." तो वाकून तिच्या ताटात बघायला लागला आणि त्याचा चेहरा उतरला. "ही मांडी मी वाढलेली नाही. थुंक. तोंडात असेल ते थुंक आधी."

तिने हातात थुंकलं. दोघंही माझ्याकडे बघायला लागले.

"मी वाढली," मी म्हटलं. आता लपवायचं कशाला? "पाचवी मांडी. मी स्वतः शिजवलेली, स्वतः तपासलेली. तुझा नवरा दर रविवारी तुझ्या जेवणात सुई टोचतो, मी आज या डोळ्यांनी बघितलंय. विचार त्याला डबीत काय भरतो. विचार."

जावयाने खिशातून रुमाल काढून टेबलावर ठेवला. "थर्मामीटर आहे, बाबा. मांसाचा. आत किती तापलंय ते कळतं."

"मला शिकवता? मी चौतीस वर्षं..."

"बाबा," पोरगी म्हणाली. ती उठली. तिने आपली मांडी उचलून खिडकीत उन्हात धरली, हाडापर्यंत फाडली. "हे कसं दिसतंय तुम्हाला?"

"कसं म्हणजे? शिजलेलं. तपकिरी."

तिने माझ्या ताटातली घेतली, तीही फाडून शेजारी धरली. "आणि हे?"

मी पुढे झालो. डोळे चोळून बघितलं. दोन्ही सारखी होती. अगदी सारखी.

"पहिलं लाल आहे, बाबा," ती म्हणाली. "हाडाशी रक्त आहे. कातडीसुद्धा पांढरट आहे अजून."

मी म्हणालो, उजेड. मी म्हणालो, हे बल्ब. पण आम्ही खिडकीत उभे होतो, भर दुपारी, आणि तिच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं ते मात्र मला दिसत होतं.

"चौथ्या महिन्यात," मी विचारलं, "तो केक..."

"केक मी खाल्लाच नव्हता." ती म्हणाली. "आदल्या रविवारी मांडी कच्ची लागली होती, मी तशीच खाल्ली. तुम्ही समोर बसून बघत होता, एवढे खूश होता. हॉस्पिटलात मीच याला म्हटलं, बाबांना सांगायचं नाही. आई गेल्यावर तुम्ही कसे झाला होता ते मी बघितलंय. तवा सुटला तर तुम्ही पुन्हा तसेच व्हाल."

तीन महिने. तीन महिने हा माणूस दार लोटून माझं काम पुरं करत होता, आणि मी त्याला खुनी ठरवून मोकळा झालो होतो. आणि ज्या एका रविवारी मी पोरीला वाचवायला निघालो, त्याच रविवारी कच्चं मांस माझ्या हाताने तिच्या पोटात गेलं.

जावई कोणावर चिडला नाही. त्याने टॅक्सी बोलावली, तिच्या पायांत चपला घातल्या. रस्ताभर ती पोटावर हात ठेवून बसली होती आणि मी पुढच्या सीटवर, मागे वळून बघायची हिंमत नव्हती. पुढे तिला ताप आला नाही, दोन दिवस नजरेखाली ठेवून सोडलं, हे आत्ताच सांगून टाकतो, उगाच कोणाचा जीव टांगणीला नको. पण त्या दुपारी हे आम्हाला माहीत नव्हतं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी जुना कागद काढला, चौथ्या महिन्याचा, आणि कपाळाला आठ्या घातल्या. "एकदा असं झालेलं असताना पुन्हा कच्चं मांस? कोणी शिजवलं होतं?"

"मी," जावई म्हणाला. माझ्याकडे त्याने बघितलंही नाही. "घाईत होतो. माझ्याकडून राहिलं."

"तुम्हाला सांगितलं होतं ना नीट शिजवायला? बायकोच्या जिवाशी खेळताय तुम्ही."

"हो," तो म्हणाला. "चुकलं माझं." आणि मान खाली घालून उभा राहिला.

पोरीने माझ्याकडे बघून हळूच मान हलवली, नको म्हणून.

"बाई," मी म्हटलं, "तो खोटं बोलतोय. मी शिजवलं. मी आचारी आहे. पहिल्या वेळचंही माझंच होतं."

त्या माझ्याकडे वळल्या. "मग तुम्हाला दिसलं नाही का, कच्चं आहे ते?"

"नाही," मी म्हटलं. "मला वर्षभरापासून नीट दिसत नाही. मी कोणाला सांगितलं नव्हतं."