मम्मीचा रुमाल, एकाच डिस्कवर

माझी मम्मी, विनिफ्रेड, क्रोशाची सुई हातात घेतली की पोपचंही ऐकणार नाही. तिच्या आईकडून आलेला पाकळ्यांचा रुमाल आता फक्त तिलाच येतो, आणि ती कायमची माझ्या भावाकडे, जोएलकडे, कॅनडाला चाललीय. शिवडीच्या शिवणवर्गात ती तो शिकवायची, पण अजून कुणालाच पुरता जमलेला नाही. तिथल्या सिस्टर ज्युलिएट म्हणाल्या, "व्हिडिओ करून द्या, रुमाल शिकवत राहू. पण एकाच डिस्कवर हं! पोरी डिस्क घरी नेतात. दोन दिल्या की एक हरवलीच." पोरींच्या घरी इंटरनेटचं नाव नाही, जुने डीव्हीडी प्लेयर तेवढे धडधाकट.

मी मोबाइलवर शूटिंग केलं. जवळजवळ चार तास! चित्र चांगलं हवं तर एका डिस्कवर याच्या निम्मंच मावतं, असं ठाकूरद्वारच्या यशोधनने सांगितलं. हा माझा शाळेपासूनचा मित्र. लग्नाचे व्हिडिओ करतो आणि स्वतःला फार शहाणा समजतो.

"कापतो," तो म्हणाला. "मम्मीला सांगू नकोस."

कापल्यावर चित्र असं लख्ख की दोऱ्याचा पीळ दिसावा. परीक्षेला त्याच्या आईला, मीनाक्षीकाकूंना बसवलं. काकू बँकेतून रिटायर झालेल्या, जन्मात कधी क्रोशा केलेला नाही. त्यांनी डिस्क बघत बघत रुमाल विणायला घेतला आणि झाली टोपी! सगळ्या कडा वर वळलेल्या. मी ती यशोधनच्या डोक्यावर चढवली, तर अगदी मापात बसली. हसून हसून माझं पोट दुखायला लागलं.

मम्मी हसली नाही. "पाकळ्या कुठे गेल्या रे?"

"आंटी, मी फक्त तुमच्या प्रार्थना काढल्या. शिकवायचं सगळं ठेवलंय."

"अरे गाढवा, एक 'नमो मरिया' म्हणजे एक पाकळी! आमच्यात आकडे नाय मोजत, प्रार्थना म्हणतात. निम्म्या पाकळ्या खाल्ल्यास तू, मग कडा वर वळणारच!"

झालं. प्रार्थना परत आल्या, चार तासही परत आले. सगळं दाबून एका डिस्कवर बसवलं, तर पांढऱ्या दोऱ्याची साबुदाण्याची खीर झाली. टाका कुठला, भोक कुठलं, काही कळेना. आता मात्र मला रडू यायला लागलं. मम्मी विमानात बसली की आजीचा रुमाल संपलाच.

यशोधन स्क्रीनला नाक लावून बसला. "हेझल, ही मागे लुकलुकतेय ती काय भानगड?"

भानगड म्हणजे आमचा अल्तार, मदर मेरीचा घरातला देव्हारा. त्यावर दिव्यांची माळ बारा महिने चालू.

"जे हलतं, बदलतं, तेच जागा खातं," तो म्हणाला. "ही माळच तुमची डिस्क गिळतेय. माळ बंद कर आणि पुन्हा शूट कर."

"मदर मेरीसमोरचे दिवे बंद?" मम्मी कडाडली. "मी मेल्यावर!"

यशोधनने डोकं खाजवलं आणि एकदम उडीच मारली. "बंद नाय करत आंटी, थांबवतो!" सगळे दिवे पेटलेले होते असं एक चित्र त्याने उचललं आणि चारही तास मागे चिकटवून टाकलं. आता व्हिडिओत हलत होते ते फक्त मम्मीचे हात. दोरा पुन्हा लख्ख! मम्मीने क्रूसाची खूण केली. "ती माळ पण दमली असेल बिचारी."

काकूंनी पुन्हा रुमाल विणला. टेबलावर पसरला, तर पापडासारखा सपाट. मम्मीने चष्मा लावून तो उलटसुलट फिरवला आणि एका पाकळीवर तिचं बोट थांबलं.

"मीनाक्षीबाई, इथे टाका सुटला तुमचा."

"शक्यच नाही. तुम्ही केलंत तस्संच केलंय." बँकेतली बाई ती, ऐकते थोडीच!

डिस्क लावली. त्या पाकळीपाशी दारावर मासेवालीने हाक मारली होती, मम्मीने मान वळवली होती, आणि तिच्याच सुईतून टाका निसटला होता. स्वच्छ दिसत होतं.

"दिसतंय!" मम्मी ओरडली. "अगो, माझी चूक पण दिसतेय!" काकूंचे हात धरून तिने टेबलाभोवती गिरकी घेतली आणि यशोधनच्या कपाळाचा मुका घेतला.

"तेवढं कापू का आंटी?" तो लाजत म्हणाला.

"हात तर लावून बघ!" मम्मी डोळे पुसत म्हणाली. "पोरी तिथे टाका चुकतील, मला शिव्या घालतील. घालू देत. कॅनडात उचकी लागायला कोणीतरी नको का?"