काल्यापर्यंत बसायचंय

माझी बायको धोंडूबाई हिचं दुखणं चार महिने कागदावर शून्य होतं.

मुरबाडच्या ज्या दवाखान्यात तिच्या कॅन्सरवर उपचार चालतात, तिथं दर गुरुवारी निशिगंधा सिस्टर एक पट्टी पुढं धरते. शून्य ते दहा. "मावशी, किती दुखतं?" धोंडूबाई हात जोडायची. "काय नाय गो बाय. देवाची कृपा हाय." सिस्टर शून्य लिहायची.

घरी मात्र कूस बदलताना ती दात आवळायची. आजार छातीतून पाठीच्या हाडात उतरलेला. मी एकदा एसटीत विचारलं, "खरं का सांगत नायस?"

"अवो, ती पोर माझा हात कुरवाळून सुई लावते. डॉक्टर ठाण्यावरनं येतात. त्यांना तोंडावर सांगू, अजून दुखतं? जेवायला घालणाऱ्याला मीठ कमी हाय म्हणतं का कोण?"

देवापुढं गाऱ्हाणं घालू नये, हे दोघांनी जन्मभर कीर्तनात ऐकलेलं. आम्ही तेच दवाखान्यातही पाळलं.

गावचा सप्ताह दोन आठवड्यांवर आला. तिचं देवाजवळ एकच मागणं होतं: शेवटच्या सकाळचं काल्याचं कीर्तन, हंडी फुटेपर्यंत, बसून ऐकायचं.

त्या गुरुवारी सिस्टरनं पट्टी काढलीच नाही. हातात तक्ता होता. "मावशी, आम्ही दर महिन्याला आमचंच काम तपासतो. धसई-टोकावड्याकडच्या अकराही जणांचं दुखणं शून्य! एक तर आम्ही देव, नाहीतर आमचा प्रश्न चुकला."

"तुमी देवच गो."

"मग देवाला खोटं सांगता?"

धोंडूबाई पदराचं टोक चाळवू लागली.

"सलाइन चालू असताना तुम्ही अभंग गुणगुणता. मागचं कीर्तन कुठवर बसून ऐकलंत?"

तिनं माझ्याकडं डोळे वटारले, बोलू नका म्हणून. पण कीर्तनाबद्दल खोटं तिला जमेना. "पयला अभंग झाला. बुवांनी निरूपण धरलं नि मी उठले. भितीला टेकून उभी राहिले. मंग तेबी जमंना." तिनं डोळे पुसले.

"म्हणजे आठ," सिस्टर म्हणाली आणि तिथंच डॉक्टरांना हाक मारली.

गोळी बदलली. दुखायची वाट न बघता घड्याळ लावून घ्यायची. सोबत पोट साफ व्हायचं औषध. चार दिवसांनी सिस्टरचा फोन, "बसवतं का?" थोडंच बसवत होतं. डॉक्टरांनी गोळी वाढवली. इतरांनाही सिस्टर आता विचारते, दुखण्यानं काय सुटलं? टोकावड्याचा मंगळू म्हणाला, वांग्याच्या वाफ्यात वाकता येत नाय. त्या महिन्याचे आकडे भलतेच वाढले. सिस्टर खूश!

काल्याच्या दिवशी मी टाळकऱ्यांत उभा होतो, नजर बायकांकडं. निरूपण झालं, बाळकृष्णाच्या खोड्या झाल्या, हंडी फुटली. धोंडूबाई मंडपाच्या खांबाला पाठ लावून बसलेलीच. माझा टाळ दोनदा चुकला.

प्रसाद घेताना ती म्हणाली, "बुवा, मूठभर जास्त द्या. मुरबाडला न्यायचाय."

दुसऱ्या दिवशी गुरुवार. काल्याचा डबा सिस्टरच्या हातात देऊन धोंडूबाईनं हात जोडले.

"देवाची कृपा हाय गो. आता तीन लिव. आणि पायाला मुंग्या येतात, तेबी लिव."