ब्राँझचे शेजारी

आमच्या स्कोप्येत आता माणसं कमी आणि पुतळे जास्त झालेत, असं मी परदेशी पाहुण्यांना सांगते आणि ते हसतात. मला मेलं हसू येत नाही. वार्दार नदीच्या काठानं चालायला लागा, दर चार पावलांवर कुणीतरी तलवार उपसून उभा आहेच. कुणी घोड्यावर, कुणी सिंहासनावर. ह्यातल्या निम्म्यांनी हे शहर कधी डोळ्यांनी पाहिलं नव्हतं. बरं, सरकारवाले नुसते पुतळे उभारून थांबले असते तरी ठीक. चांगल्या साध्यासुध्या इमारतींना ह्यांनी पांढरे खांब चिकटवले. टिचकी मारून बघा, रिकाम्या डब्यासारखे वाजतात. त्रेसष्टच्या भूकंपातून जे वाचलं होतं, ते ह्यांनी लाजेनं झाकून टाकलं.

मी रत्का. शाळेत इतिहास शिकवत होते. पेन्शनीत भागत नाही म्हणून आता पाहुण्यांना शहर दाखवते. खरं दाखवते, म्हणजे दगडी पूल, जुना बाजार, जुन्या स्टेशनावरचं भूकंपाच्या वेळेला थांबलेलं घड्याळ. आणि खोटं दाखवायचं झालं की सरदार व्होल्चेच्या पुतळ्यापाशी नेते.

ह्या व्होल्चेबद्दल एका जुन्या पुस्तकात जेमतेम एक परिच्छेद आहे. एक गिरणी लुटली, मेंढ्यांच्या वाटणीवरून साथीदारांशी भांडला आणि त्यांनीच त्याला मारला. संपलं चरित्र. एवढ्यावर स्वारीला तीन माणसांच्या उंचीचा पुतळा मिळाला. त्याचं चित्र कुठंच नाही, तेव्हा चेहरा आणायचा कुठून? पुतळा घडवणारा मेतोदी हा माझ्या भाच्याचा, पाव्लेचा, वर्गमित्र. त्यानं सरळ पाव्लेचा चेहरा लावून दिला. फुटबॉल लागून वाकडं झालेलं नाकसुद्धा जसंच्या तसं.

पाव्ले तेव्हा जिवंत नव्हता. तो जहाजावर स्वयंपाकी होता. एका वादळात समुद्रात पडला, सापडला नाही. परत आली ती त्याची बॅग. त्याची आई, म्हणजे माझी थोरली बहीण ब्लागाताई, ती बॅग अजून उघडत नाही.

आमच्याकडे वर्षातून काही शनिवार मृतांचे असतात. सगळं शहर बुटेलच्या दफनभूमीत लोटतं. आपापल्या माणसाच्या कबरीवर मेणबत्ती लावायची, वाइन शिंपडायची, उकडलेला गोड गहू, पाव, मिरच्या, जे असेल ते मांडायचं. मग शेजारच्या कबरीवाल्यांना ताट द्यायचं आणि त्यांचं घ्यायचं. घेणाऱ्यानं म्हणायचं, "देव त्याला क्षमा करो." असं दिलेलं ताट नाकारायची कुणाची छाती होत नाही. पण कबरच नसेल तर शेजारी कुठून येणार? ताई फाटकाबाहेर पिशवी घेऊन उभी राहायची आणि येणाऱ्या-जाणाऱ्यांपुढं ताट करायची. लोक तिलाच भिकारीण समजून तिच्या हातात पावाचा तुकडा ठेवायचे. ती तो घ्यायची आणि त्यांच्या माणसासाठी क्षमा मागायची. मला हे बघवत नसे.

मग एके दिवशी बाजारातून मिरच्या घेऊन येताना ताईनं मान वर केली आणि व्होल्चे पाहिला. त्या वर्षापासून ती बुटेलला गेली नाही. मृतांच्या शनिवारी तिचं ताट पुतळ्याच्या पायाशी मांडलं जाऊ लागलं. मी पाहुण्यांना तिकडं न्यायचे ते बाकीच्या दिवशी. त्या दिवशी वाट वाकडी करायचे.

ह्या शरदात बातमी आली. सरकारात जे नवे आले त्यांना पुतळे कमी करायचे होते, आणि सुरुवात व्होल्चेपासून. चौथऱ्याला भेगा पडल्यात म्हणे. भेगा पडणारच, आत काय होतं?

ताई माझ्याकडे आली. मी बाल्कनीत मिरच्या भाजत होते.

"रत्के, तू बोल त्यांच्याशी. तू इतिहासवाली. तुझं ऐकतील."

"काय बोलू? तो चोर होता ताई. त्याला उभा केला तेव्हाच मी म्हटलं होतं, काढा."

"व्होल्चेसाठी कोण म्हणतंय? पाव्लेसाठी बोल."

"पाव्ले तिथं नाहीये."

"मग कुठं आहे?" ताई म्हणाली. "सांग ना, कुठं आहे? तुला सगळं माहीत असतं."

मी मिरच्या उलटत राहिले. एक बाजू करपली. ताई निघून गेली. मला तिचा राग आला, त्या मेतोदीचा आला, आणि सगळ्यात जास्त माझा.

काम अंगावर घेतलेला इंजिनीअर झ्वोन्को म्हणून एक पोरगेला माणूस होता. नवीन हेल्मेट, नवीन बूट. शनिवारी रहदारी कमी असते म्हणून पठ्ठ्यानं पुतळा उचलायला शनिवार धरला. कुठला शनिवार, हे बघायची अक्कल त्याला नव्हती. आमच्याकडे मृतांच्या शनिवारी बाया सुईसुद्धा हातात धरत नाहीत, आणि हा दिवटा क्रेन घेऊन आला.

मी त्या सकाळी पाहुण्यांना तिकडून न्यायचं टाळलंच असतं, पण पुलावरूनच क्रेनचं पिवळं डोकं दिसलं आणि मी तशीच वळले. पाहुणे बिचारे मागोमाग. ताई चौथऱ्याशी कापड पसरून बसली होती. वाळूच्या डब्यात मेणबत्ती, गव्हाचं पातेलं, आणि कडेला पाव्लेसाठी पेटवून ठेवलेली सिगरेट.

"मावशी, उठा. इथं काम चालू करायचंय," झ्वोन्को म्हणत होता.

"करा की. आधी हे घे बाळा, माझ्या पाव्लेच्या आत्म्यासाठी," ताईनं ताट पुढं केलं.

त्याच्या हातांना लहानपणापासूनची सवय. हात आपसूक पुढे झाले. "देव त्याला क्षमा करो," म्हणाला, घास घेतला, आणि मग त्याच्या लक्षात आलं आपण काय करून बसलो. तोंडात गहू, हातात ताट, धड गिळवेना, धड बोलवेना.

क्रेनवाला दोन्चो खाली उतरला. टोपी काढून त्यानंही ताट घेतलं, क्षमा मागितली, पुसून खाल्लं आणि क्रेनची किल्ली खिशात टाकली.

"हे काय?" झ्वोन्को म्हणाला.

"साहेब, माझी बायको सकाळपासून बुटेलला बसलीय. मी तुमच्यासाठी आलो. पण ज्याच्या नावानं आत्ता खाल्लं, त्याच्याच गळ्यात पट्टा घालू? माझ्याच्यानं नाही व्हायचं."

"अरे, हा सरदार व्होल्चे आहे, हिचा मुलगा नाही." मग त्याची नजर माझ्यावर पडली. "बाई, तुम्ही मला सातवीला होतात. सांगा ह्यांना."

तरीच. चेहरा ओळखीचा वाटत होता. सातवीतसुद्धा हा तारखांमध्ये कच्चाच होता.

ताई माझ्याकडे बघत नव्हती. पातेल्यात चमचा फिरवत होती, पण ती माझ्या उत्तराची वाट बघतेय हे मला कळत होतं.

"व्होल्चे मेंढीचोर होता," मी म्हटलं. "ह्या शहराशी त्याचा काडीचा संबंध नाही. त्याला सोमवारी न्या, वितळवून त्याच्या घंटा करा, माझी हरकत नाही. पण हे नाक माझ्या भाच्याचं आहे. आज त्याला हात लावायचा नाही."

झ्वोन्कोनं घास गिळला. ताईनं त्याचं ताट पुन्हा भरलं. परदेशी पाहुणे कॅमेरे खाली करून उभे होते. त्यांनाही गहू मिळाला, आणि त्यांच्या तोडक्यामोडक्या उच्चारात त्यांनीही पाव्लेसाठी क्षमा मागितली. माझ्या इतक्या वर्षांच्या बडबडीत कुठलेही पाहुणे कधी एवढे गुंतले नव्हते.

सोमवारी व्होल्चेला नेलाच. कुणी वाचवेल असं मलाही वाटलं नव्हतं. ताई दार लावून घरात बसली. मी ट्रकच्या मागं टॅक्सी घातली. शहराबाहेर एका बंद वीटभट्टीच्या आवारात त्याला उतरवलं. तिथल्या रखवालदाराशी मी इतकी हुज्जत घातली की तो शेवटी म्हणाला, "या बाई, केव्हाही या, पण आता गप्प बसा."

हिवाळ्यातल्या मृतांच्या शनिवारी मी ताईला तिथं नेलं. चिखलात बर्फ, आणि बर्फात तोवर उचलून आणलेली सगळी फौज आडवी पडलेली. एक दाढीवाला बिशप, मशाल घेतलेली बाई, घोड्याविना एक घोडेस्वार. व्होल्चे भिंतीकडेला उताणा, वाकडं नाक आभाळाकडं.

"निजलाय," ताई म्हणाली. तिनं पदर हातावर गुंडाळावा तशी शाल गुंडाळली आणि त्याच्या तोंडावरचा बर्फ पुसला. मेणबत्ती लावली, वाइन शिंपडली. रखवालदाराला ताट दिलं, मला दिलं. आम्ही म्हणायचं ते म्हटलं. मला वाटलं, झालं, आता निघू.

ताईनं आणखी एक ताट भरलं आणि शेजारच्या घोडेस्वाराच्या छातीवर मेणबत्ती चिकटवली.

"ताई, हे काय?"

"शेजारी आहेत त्याचे. आपलंच मांडून कसं निघायचं?" तिनं ताट माझ्यापुढं केलं. "ह्याच्या वतीनं देतेय. घे."

"अगं, हा कुणीच नव्हता. असा माणूस जन्मालाच आला नाही. ह्याला मेतोदीसारख्या कुणीतरी मनानं बनवलाय."

"म्हणजे ह्याला तर आईसुद्धा नाही," ताई म्हणाली.

मी ताट घेतलं. गहू थंडगार झाला होता. आयुष्यभर ज्यांच्यावर तोंडसुख घेतलं, त्यांतल्या एकाच्या पायाशी उभी राहून मी म्हटलं, "देव त्याला क्षमा करो." त्याला बनवणाऱ्याला मात्र करू नकोस देवा, हे मनात म्हटलं.

तोवर ताई बिशपकडं पोचली होती.